कुणाच्या पुढे कोण

पंचवटीतल्या सीता गुंफेत उतरायचं तर आधी अंग चोरावं लागतं. पाठ वाकवायची, गुडघे दुमडायचे आणि एका वेळी एकानेच पुढे सरकायचं. बाहेर काळाराम मंदिराकडून येणारी गर्दी, फुलवाले, रिक्षांचे भोंगे. आत पुढच्याची पाठ आणि मागच्याचा श्वास. लोक दर्शनाला येतात, मीही हात जोडतो. पण त्या तोंडाशी वाकलो की मनात दरवेळी एकच येतं : ही जागा ज्याने निवडली, त्याला लढाई कळत होती.

प्रसंग अरण्यकांडातला आहे. शूर्पणखेच्या अपमानाचा सूड घ्यायला खर चौदा हजार राक्षस घेऊन जनस्थानातून निघतो. समोर माणसं तीन. राम लक्ष्मणाला सांगतो, धनुष्यबाण घे, सीतेला झाडांनी झाकलेल्या, चढायला अवघड अशा डोंगरगुहेत ने आणि तिथेच थांब. मग तो चिलखत चढवतो आणि एकटा उभा राहतो. ती गुहा म्हणजे हीच गुंफा, असं नाशिककर परंपरेने मानतात. ग्रंथातली गुहा डोंगरातली आणि ही भर वस्तीत, जमिनीखाली. त्यावरून वाद घालणारे घालोत. मला त्या निर्णयात जास्त रस आहे. लक्ष्मण काही कच्चा योद्धा नव्हता. त्याला शेजारी घेतलं असतं तर बाणांचा मारा दुप्पट झाला असता. तरी राम आपलं अर्धं बळ मागे ठेवतो, एका अवघड जागी, आणि त्यामुळेच उरलेलं अर्धं बळ त्याला निर्धास्त वापरता येतं. त्याला एकदाही मागे वळून पाहावं लागत नाही.

हा निर्णय केवढा मोठा आहे, हे मला व्हिडिओ गेम खेळून कळलं. रामायणाशेजारी व्हिडिओ गेम ठेवलेला काहींना खटकेल. पण मी हे पूर्ण गांभीर्याने म्हणतो आहे. लहानपणापासून ऐकलेल्या त्या कथेत राम एकटा लढला एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. लक्ष्मण कुठे उभा होता आणि का, हा प्रश्न मला पडला तो पुढे, सहा जणांची पार्टी घेऊन एका काल्पनिक जंगलातून वाट काढताना.

अशा पार्टीच्या गेममध्ये खेळाडू एकटा नसतो. त्याच्या हाताखाली चार किंवा सहा जणांची पार्टी असते. ढाल घेतलेला, मार सोसणारा एक. त्याला खेळणारे टँक म्हणतात. एखादा तिरंदाज, एखादा सावलीतून मागे जाऊन घाव घालणारा चोर, जखमा भरून काढणारा हीलर आणि एक जादूगार. प्रत्येकाची ताकद वेगळी आणि प्रत्येकाचं दुबळेपणही वेगळं. या सगळ्याचं मूळ टेबलावर आहे. अमेरिकेत १९७१ साली ‘चेनमेल’ हा छोट्या पुतळ्यांनी मध्ययुगीन लढाया खेळायचा खेळ निघाला आणि त्यातूनच १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. म्हणजे पऱ्या, राक्षस, मंत्रतंत्र हे सगळं वरचं. खाली पाया आहे तो कोणता पुतळा कुठे ठेवायचा याचा. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त तर धड रणांगणही दिसत नसे. पडद्यावर सहा नावांची यादी असायची. वरचे तिघे हातघाईची लढाई करू शकत, खालचे तिघे नाही. तेवढ्यावरही लोक तासन्‌तास विचार करत बसायचे, की चौथं नाव कुणाचं असावं.

माझ्या पिढीला हे वेड लावलं ते ‘बाल्डर्स गेट’ने. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने केलेला तो गेम १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आला. तो गेम सुरू होतो तेव्हा आपण जवळजवळ काहीच नसतो. पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे इतका नाजूक जीव की एका लांडग्याने धड चावा घेतला तरी संपला. मंत्र त्याच्याजवळ एखाददुसराच, तोही वापरला की विश्रांती घेईपर्यंत हात रिकामे. पण तोच एक मंत्र योग्य क्षणी, योग्य जागेवरून पडला तर समोरची टोळीच्या टोळी झोपी जाते आणि मग बाकीच्यांना कामच उरत नाही. पार्टीतला सर्वांत दुबळा माणूस लढाई जिंकून देणारा असतो. अट एकच, तो तोवर जिवंत राहिला पाहिजे. आणि तो जिवंत राहतो तो स्वतःच्या बळावर नाही. त्याच्यापुढे कोण उभं आहे, यावर.

त्या गेममध्ये स्पेसबार दाबला की काळ थांबतो. तलवार हवेत, बाण वाटेत, लांडगा झेपेच्या मधोमध. तेवढ्या वेळात आपण नकाशाकडे बघायचं. कोण कुठे आहे, कुणाची बाजू उघडी पडली आहे, दोन पावलं कुणाला मागे घ्यायचं. या थांबलेल्या क्षणांसाठीच मी हा प्रकार आजवर सोडलेला नाही. हाणामारीचे गेम मी फारसे खेळत नाही. त्यांत बोटांची चपळाई लागते आणि ती तरुणांनी दाखवावी. इथे लागतं ते चित्त. पुढे आलेल्या अनेक गेममध्ये पाळीपाळीने चाल करायची पद्धत आहे, तिचंही स्वतःचं सुख आहे. तरी सगळं एकाच वेळी चाललेलं असताना आपल्या हाताने ते थांबवणं आणि त्या गोंधळात आपल्या सहा माणसांचा शोध घेणं, याची सर दुसऱ्या कशाला नाही असं माझं ठाम मत आहे.

दाराची युक्ती हा या विद्येचा पहिला धडा. शत्रू वीस आणि आपण सहा, तर मोकळ्या मैदानात ते आपल्याला घेरतात. पण आपण मागे सरून दाराच्या आत आलो आणि दारात ढालवाला उभा केला, तर वीसांपैकी एकाच वेळी दोघेच त्याच्यापर्यंत पोचतात. बाकीचे अठरा पाठीमागे खोळंबतात. आपले तिरंदाज मात्र ढालवाल्याच्या खांद्यावरून सुखाने नेम धरतात. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवायला नको. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली ती याच हिशेबाने. खिंडीची रुंदी हेच त्यांचं सैन्य होतं. महाभारतातही युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिर बृहस्पतीचं मत सांगतो, की थोड्यांनी पुष्कळांशी लढायचं तर फौज आवळून, सुईच्या टोकासारखी करावी. त्यावर अर्जुन वज्रव्यूह रचतो आणि तोंडाशी भीमाला ठेवतो. टँक पुढे. हजारो वर्षांत मांडणी तीच राहिली आहे.

मात्र दार नसलेल्या मैदानात काय करायचं? पुढे एकटा ढालवाला उभा केला तर शत्रू त्याला वळसा घालून सरळ जादूगाराकडे जाईल. जुन्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये हे सर्रास व्हायचं. २०१५ च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ने यावर उपाय केला : ढालवाल्याच्या टप्प्यात आलेला शत्रू तिथून निघू लागला, की त्याच्यावर फुकटचा एक वार होतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्येही हा नियम आहे. कबड्डीतल्या कोपरारक्षकाकडे पाहिलं की हे लगेच समजतं. तो चढाईपटूची वाट अडवत नाही, फक्त तिथे असतो. पण त्याच्याकडे पाठ फिरवायची हिंमत चढाईपटूला होत नाही. माणसाचं असणंच भोवतालच्या जागेला वजन देतं. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यामुळे पुढे उभं राहणं हे निव्वळ मार खाणं राहत नाही.

जादूगाराचीही एक जबाबदारी असते. अग्निगोळ्याचा मंत्र आपलं आणि परकं पाहत नाही. वर्तुळात जो सापडेल तो भाजतो. म्हणून तो टाकण्याआधी आपला ढालवाला किती पुढे गेला आहे हे पाहावं लागतं, आणि ढालवाल्यानेही त्या वर्तुळाच्या बाहेर राहून लढावं लागतं. काही गेममध्ये सोपेपणाचा पर्याय निवडला की आपल्या माणसांना इजा होत नाही. तो पर्याय मी कधी निवडत नाही. आपल्याच आगीची भीती गेली की जागेचा अर्थही जातो. मग कुणी कुठेही उभं राहावं, काय फरक पडतो?

उंचीचं मात्र मला पडद्यापेक्षा डोंगराने जास्त शिकवलं. ‘बाल्डर्स गेट ३’ बेल्जियममधल्या लॅरियन या स्टुडिओने २०२३ मध्ये काढला. त्यात वरून खाली नेम धरला तर फाशाच्या दानात दोन मिळतात, खालून वर धरला तर दोन जातात. कड्याच्या टोकाशी आलेल्याला नुसतं ढकलूनही संपवता येतं. माझा भाचा हा गेम जीव लावून खेळतो. एका रविवारी त्याला मी रामशेजला नेलं. नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्त्याकडून पंधरा किलोमीटरच्या आसपास, दिंडोरी तालुक्यात हा किल्ला आहे. सह्याद्रीच्या मानाने ठेंगणा. साल्हेर पाहिलेल्याला तर तो टेकडीच वाटावा. साल्हेर १,५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. भाचा पायऱ्या चढून वर आला, कड्यावरून चारही बाजूंना बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, आजूबाजूला काहीच नाहीये. लपायला जागाच नाही खाली.” मी म्हटलं, “तेच तर. खालच्यांना नाही.”

औरंगजेब दख्खनेत उतरला आणि सुरुवातीलाच, १६८२ मध्ये, त्याने रामशेज घ्यायला शहाबुद्दीन खानाला पाठवलं. आतले लोक काहीशे, बाहेर हजारोंची फौज. किल्ल्यात लोखंडी तोफ एकही नव्हती. दारूगोळा होता, चामडं होतं, लाकूड होतं. किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या चामड्याने मढवल्या आणि त्यांतून मारा केला. ही हकिगत मोगलांच्याच बाजूच्या खाफी खानाने लिहून ठेवली आहे, आणि त्याने त्या किल्लेदाराच्या हुशारीची तारीफही केली आहे. उंचीला उत्तर म्हणून मोगलांनी लाकडी दमदमा उभारला, तटाच्या बरोबरीला येऊन आत मारा करता यावा म्हणून. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी ते गेलेले दोन गुण परत मिळवायचा प्रयत्न केला. इकडे छत्रपती संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमकेला पाठवलं, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्याच पाठीवर माणसं उभी केली.

पण रामशेजची खरी गोष्ट त्यापुढची आहे. शहाबुद्दीन हटला, त्याच्या जागी बहादूरखान कोकलताश आला. त्याने एक डाव रचला. किल्ल्याच्या एका बाजूला तोफा, सामान, माणसांचा गलबला करायचा, हल्ला तिथूनच होतो आहे असं भासवायचं. आणि दुसऱ्या बाजूने निवडक लोक गुपचूप दोराने वर चढवायचे. किल्लेदाराने हे ओळखलं. ज्या बाजूला गाजावाजा होता तिथे त्यानेही तसाच गाजावाजा केला, नगारे, आरडाओरडा, दगडांचा मारा. आणि शांत बाजूला काही माणसं मुकाट बसवून ठेवली. वर येणाऱ्या पहिल्या दोघांनी तटावर डोकी काढली आणि घाव बसले. ते कोसळले ते मागून चढणाऱ्यांना घेऊनच. नंतर कासिम खान आला, त्यालाही किल्ला मिळाला नाही. पाच वर्षांहून अधिक काळ रामशेज झुंजला आणि अखेर मोगलांकडे गेला तो पैशाच्या जोरावर.

ती शांत बाजू मी आणि भाचा शोधत होतो. नक्की कोणती, हे आज कुणी सांगू शकेल असं वाटत नाही. पण तिथे बसलेल्या माणसांचा विचार मला सोडत नाही. पलीकडे लढाई पेटलेली आहे, आपले लोक ओरडत आहेत, नगारे वाजत आहेत, आणि यांनी जागचं हलायचं नाही. गेममध्ये आपण एखाद्याला ‘होल्ड’ची आज्ञा देतो आणि तो उभा राहतो, त्याला मन नसतं. त्या काळोखात बसलेल्यांना होतं. समोर काही दिसत नसताना नेमून दिलेली जागा धरून ठेवणं, हे तलवार चालवण्याइतकंच, माझ्या मते त्याहूनही कठीण काम आहे.

जागा सुटली की काय होतं, त्याची सर्वांत दुःखद कथाही याच भूमीत घडल्याचं आपण मानतो. चौदा हजारांना जे जमलं नाही ते एकट्या मारीचाला जमलं, कारण तो लढायला आलाच नाही. तो सोन्याचा मृग होऊन आला आणि त्याने रामाला दूर नेलं. जाताना रामाने व्यवस्था लावली होती : सीतेजवळ लक्ष्मण, आणि जोडीला जटायू. मग रामाच्या आवाजातली हाक आली. लक्ष्मण हलायला तयार नव्हता. सीतेच्या कठोर बोलांनी तो हलला. आजचा कोणताही गेम खेळणारा हा डाव ओळखेल. आवाज करून, भास दाखवून पहारेकऱ्याला जागेवरून उठवणं हे आम्ही रोज करतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तर त्यासाठी मांजराचा भास उभा करणारा साधा मंत्रच आहे. तीन जणांची मांडणी उलगडली आणि शेवटी एकटा म्हातारा पक्षी आडवा आला. इगतपुरी तालुक्यात टाकेदला तो पडल्याचं सांगतात. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. पुढची फळी गेली, मधली गेली, तरी जो होता तो आपल्या जागी उभा राहिला, म्हणून माझ्या लेखी टाकेद हे नाशिक जिल्ह्यातलं फार मोठं तीर्थ आहे.

अभिमन्यूबद्दल आपण नेहमी म्हणतो की त्याला व्यूहातून बाहेर पडता येत नव्हतं. पण तो मारला गेला याचं खरं कारण दाराशी आहे. त्याच्यामागून भीम, युधिष्ठिर, नकुल, सहदेव आत येणार होते. जयद्रथाने ते दार धरलं. पुढचा एकटा आत आणि बाकीची पार्टी बाहेर. दाराची जी युक्ती आपल्याला वाचवते तीच शत्रूच्या हाती गेली की आपल्या सर्वांत शूर पोराचा जीव घेते.

हे सगळं मनात असल्यामुळे असेल, पण काही नव्या गेमबद्दल माझी तक्रार आहे. पार्टीची लेव्हल वाढवत न्या, शस्त्रं बदलत राहा, आणि एका टप्प्यानंतर कुणी कुठेही उभं असलं तरी जिंकता. जादूगार ढालवाल्याइतका टणक होतो, ढालवाला जादूगारासारखे मंत्र टाकतो. कुणाला कुणाची गरज उरत नाही. मला असे गेम पोकळ वाटतात. दुबळेपण काढून टाकलं की पार्टी उरत नाही, सहा एकटे उरतात. म्हणून मी ‘बाल्डर्स गेट’चे पहिले काही तासच पुन्हा पुन्हा खेळतो, जिथे सगळेच कच्चे असतात आणि एका अरुंद वाटेवर एकमेकांच्या आडोशाने पुढे सरकतात.

आता मागणं एकच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढून दाखवला. आपल्या मातीतल्या कथेवर देखणा गेम इथे बसून करता येतो हे सिद्ध झालं आहे. तो एकटीने लढायचा गेम होता. पार्टीचा गेम अजून व्हायचा आहे, आणि त्याला रामशेजइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. थोडी माणसं, लोखंडी तोफ नाही, गोफणी आणि दगड, चामड्याने मढवलेली लाकडी तोफ, पाणी आणि दाण्याचा हिशेब, कोणत्या रात्री कोणत्या बाजूला कोण बसणार याचा निर्णय. त्यात अग्निगोळे नकोत आणि लेव्हल वाढवून अजिंक्य होणंही नको. ज्यांच्या हाती ही विद्या आहे त्यांनी हे काम अंगावर घ्यावं. आधी रामशेजला यावं, चारही बाजूंनी फिरावं, कड्यांची उंची नीट मोजून न्यावी. वर जायची वाट आशेवाडीतून आहे.